हाताने पाहिलेला खडप

हिरामणकाकांशी बोलायचं तर त्यांच्या डाव्या बाजूला बसावं लागतं. उजव्या कानाने त्यांना काहीच ऐकू येत नाही. डाव्यानेही आता कमीच. नवा माणूस उजवीकडे बसला तर ते त्याला तसंच बोलू देतात, मान हलवतात आणि शेवटी म्हणतात, "आता इकडं येऊन परत सांग."

वसईच्या पाचूबंदरला बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं की त्यांना बोलावणं जायचं. इंजिनाच्या पंख्याभोवती दोर आणि जाळं इतकं आवळून बसतं की ते खाली जाऊन कापल्याशिवाय बोट हलत नाही. कमरेला शिसं बांधायचं, वर बोटीवर कॉम्प्रेसर चालू ठेवायचा, त्याची नळी तोंडात धरून आणि हातात सुरी घेऊन खाली जायचं. विशीत असल्यापासून त्यांनी हेच काम केलं. वसईच्या पाण्यात खाली काही दिसत नाही. खाडीचा गाळ सतत ढवळलेला असतो, वरून ऊन असलं तरी खाली दुधाळ चहासारखा उजेड, आणि थोडं आणखी खाली गेलं की तोही नाही. त्यामुळे डोळे उघडे असले काय आणि मिटलेले असले काय, सगळं काम हातानेच चालायचं. कधी पोलिसही त्यांना न्यायचे. विरारच्या पूर्वेला बंद पडलेल्या दगडखाणी आहेत, त्यांत पाणी साठतं आणि दरवर्षी कोणी ना कोणी पोहायला उतरून बुडतं. त्याला वर काढायचं काम हिरामणकाकांनी कधी नाकारलं नाही आणि त्याबद्दल ते कधी बोललेही नाहीत. त्यानंतर दोन दिवस ते झोपून असतात, एवढं मला त्यांच्या बायकोने, नर्मदाकाकींनी सांगितलं होतं.

माझी त्यांची ओळख एका बादलीमुळे झाली. मी सांडोरची. वडिलांची केळीची वाडी होती, मी मात्र प्राणिशास्त्र शिकले आणि वसईतल्या एका कॉलेजात तेच शिकवते. किनाऱ्यालगतच्या बुडालेल्या खडकांवर काय काय जगतं, याचा मी पुष्कळ वर्षं शोध घेतेय. मला पाण्यात उतरून काही दिसणार नव्हतं, म्हणून मी बंदरावर सांगून ठेवलं होतं की जाळ्यात मासळीखेरीज जे काही येईल ते फेकू नका, मला दाखवा. बहुतेक वेळा प्लास्टिकच यायचं. एकदा हिवाळ्यात हिरामणकाका स्वतः कॉलेजच्या फाटकाशी बादली घेऊन उभे राहिले.

बादलीत समुद्राच्या पाण्यात एक तांबूस, पंख्यासारखं पसरलेलं झुडूप होतं. बुंध्याशी मोडलेलं. त्याच्या फांद्यांना एक बारीक, लांब हातांचा तारामासा गुंडाळून बसला होता, अजून जिवंत. शेजारी मुठीएवढा दगड, त्यावर राखाडी गोल ठिपके दाटीने बसलेले. कोंडीच्या खडपावर एका बोटीचं जाळं अडकलं होतं, ते ओढून काढताना हे वर आलं, असं त्यांनी सांगितलं. कोंडीचा खडप म्हणजे किनाऱ्यापासून बोटीने दोनेक तासांवर पाण्याखाली असलेला खडकांचा लांब पट्टा. ओहोटीलाही तो उघडा पडत नाही, पण बोटी चालवणाऱ्या सगळ्या तांडेलांना तो ठाऊक असतो, कारण जाळी तिथेच फाटतात.

"हे झाड का जनावर?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की जनावर आहे, आणि एक नाही, हजारो आहेत. एकेक जीव तांदळाच्या दाण्याहून लहान, पण सगळे मिळून एक घर बांधतात. पंखा म्हणजे ते घर. दगडावरचे ठिपके हे त्यांचेच कडक अंगाचे भाऊबंद, प्रवाळ. प्रवाळाची मोठी बेटं दक्षिणेला, लक्षद्वीपच्या बाजूला आहेत. आपल्याकडच्या गढूळ पाण्यात ते असे खडकाला चिकटून, थोडक्यात भागवून जगतात. पण त्यांच्या आडोशानेच हेकरू, तांब हे मासे आणि लांब मिशांच्या शेवंडी राहतात, अंडी घालतात. मग नेहमीची सूचनाही दिली. प्रवाळाला कायद्याने संरक्षण आहे, ते काढता येत नाही, आता मोडून आलंय ते ठीक, पण खाली गेलात तर हात लावू नका.

हिरामणकाका बादलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हात नाही लावला तर मी बघनार कसा?"

 तो दगड त्यांनी परत नेला आणि पुढच्या खेपेला जिथून आला होता तिथेच नेऊन ठेवला.

त्यानंतर ते अधूनमधून यायला लागले. खाली काय लागलं ते हाताने हवेत करून दाखवायचे. हे मऊ, दाबलं की आत ओढून घेतं. हे खरखरीत, बोटाला आग होते. हे घसरडं, लोण्यासारखं. मी नावं सांगायचे, काही चुकायचीही, कारण हाताच्या वर्णनावरून ओळखायला मला कोणी शिकवलेलं नव्हतं. ते नावं विसरायचे, मी त्यांच्या खुणा विसरायचे. तरीही दोघांना मिळून त्या खडपाचा थोडाफार अंदाज येत गेला. इतकी वर्षं त्याच्या अंगावर हात टेकून काम केलं आणि ते शेवाळ आहे असं समजत होतो, एवढंच ते एकदा म्हणाले.

जाळ्याचा विषय त्यांनीच काढला. खडपाच्या एका अंगावर एक मोठं जाळं कधीचं अडकून पडलं होतं. कोणाचं ते कोणालाच माहीत नव्हतं. वादळात तुटलं असेल, किंवा कोणी कापून सोडलं असेल. नायलॉनचं जाळं कुजत नाही. मासा त्यात अडकतो, मरतो, त्याला खायला चिंबोऱ्या येतात, त्याही अडकतात, मग त्यांना खायला आणखी कोणी. माणूस नसताना ते जाळं वर्षानुवर्षं मासेमारी करत राहतं. हिरामणकाकांच्या हाताला त्यात एक कासव लागलं होतं. कवच आणि हाडं तेवढी उरली होती, मान जाळ्यात अडकलेली तशीच.

"आपन ते काढू," ते म्हणाले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, मीही नाही.

नर्मदाकाकींचा भाऊ मयूर स्वतःच्या बोटीवर तांडेल आहे. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. तो बोट द्यायला तयार झाला. अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ कमी असते, तेव्हाच खडपावर उतरता येतं. म्हणजे पंधरवड्यातून दोन-तीन दिवस, त्यातही वारा पडलेला असला तर. त्या हिवाळ्यात आम्ही पाच-सहा वेळा गेलो. मी बोटीवर बसायचे, हिरामणकाका सात-आठ वाव, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस फूट खाली. ते जाळं ओढून काढायचं नव्हतं. ओढलं की पंखे मुळापासून उपटतात. एकेक फांदी चाचपून तिच्याभोवतीचं जाळं कापायचं आणि मोकळा झालेला तुकडा दोरीला बांधून वर पाठवायचा. वर आलेल्या तुकड्यांना असा वास असायचा की मयूरची माणसं तोंडाला रुमाल बांधून काम करायची. हिरामणकाका वर आले की बोटीच्या काठावर डोकं टेकून बराच वेळ बसायचे. बोटं पाण्याने पांढरी पडलेली, चिरलेली.  मी एकदा म्हटलं, थांबूया आता. ते म्हणाले, अर्धं झालंय.

अर्ध्यावरच ते थांबलं. फेब्रुवारीतली गोष्ट. खाली त्यांची हवेची नळी जाळ्यात गुंतली आणि पिळली गेली. बांधलेल्या दोरीला त्यांनी हिसके दिले, मयूरने दोर ओढला, तर दोरही जाळ्यात. हवा बंद. त्यांनी नळी तोंडातून सोडली, शिशाचा पट्टा सोडला आणि एका दमात वर आले. आम्हाला बोटीपासून दूर डोकं दिसलं. आत घेतलं तेव्हा उजव्या कानातून रक्त गळ्यापर्यंत आलं होतं आणि ते काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते. जवळ गेल्यावर कळलं, ते मयूरला सांगत होते, सुरी खालीच राहिली.

कानाचा पडदा गेला होता. डॉक्टरांनी पाण्यात उतरायचं नाही असं सांगितलं. मी दवाखान्यात गेले तेव्हा नर्मदाकाकी दाराशीच बसल्या होत्या. मासळीबाजारातून तशाच उठून आल्या होत्या. त्यांनी मला आत जाऊ दिलं नाही. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही.

"खानीतून लोकांची पोरं काढून आनली त्यानी," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी काय बोलली नाय. त्यांच्या आया वाट बघत होत्या. तुझ्या झुडपांची वाट कोन बघतंय, बाय?"

मी शेजारच्या बाकावर बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

वर्षभर त्यांनी काही काम केलं नाही. घरी बसून जाळी दुरुस्त करायचे. मुलगी नेत्रा चंदनसारला असते, तिच्याकडे काही दिवस राहून यायचे. तिथे सातव्या मजल्यावरून समुद्र दिसत नाही याची त्यांना तक्रार नव्हती, उलट बरं वाटतं म्हणायचे. मीही खडपाचं नाव काढत नव्हते. कॉलेजात परीक्षा, पेपर, नवीन वेळापत्रक, घरी आईचं आजारपण. वाडीच्या अर्ध्या जागेवर भावाने इमारत बांधायला दिली होती, तिचा आवाज दिवसभर. खडपाचं काम आपल्या हातून पुढे जाणार नाही, हे मी मनातल्या मनात मान्य करून टाकलं होतं.

दोन हजार चोवीसच्या मे महिन्यात लक्षद्वीपला जायची संधी आली. माझी एक जुनी मैत्रीण तिथल्या प्रवाळांवर काम करते. पाहणीसाठी तिला माणसं हवी होती. बोटीवर राहून मदत करणारा एक अनुभवी माणूस सोबत आणू का, असं मी विचारलं आणि ती हो म्हणाली. पाण्यात खोल उतरायचं नाही, वरच्या वर मुखवटा आणि श्वासाची नळी लावून तरंगायचं, एवढं डॉक्टरांनी चालवून घेतलं, तेही कानात बोळा घालून. खरी अडचण नर्मदाकाकींची होती. त्यांना विचारायला मी स्वतः गेले. त्या कोलंबी सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तिथं पानी साफ असतं ना? मग जाऊ दे. एकदा डोळ्यांनी बघून येऊ दे."

कोचीहून जहाजाने बेटावर पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी छोट्या होडीतून प्रवाळाच्या कडेपाशी गेलो. पाणी इतकं स्वच्छ की होडीची सावली तळावर वेगळी दिसत होती. हिरामणकाका काठाला धरून त्या सावलीकडेच बघत राहिले. मग मुखवटा लावून हळूच पाण्यात उतरले आणि तोंड खाली करून पसरले.

ते किती वेळ तसे होते सांगता येणार नाही. मीही बाजूला तरंगत होते, पण मला खाली बघवत नव्हतं. सगळं पांढरं होतं. हरणाच्या शिंगांसारखे फांद्याफांद्यांचे प्रवाळ, मोठमोठे गोल दगडी प्रवाळ, ताटासारखे पसरलेले, जिथवर नजर जाईल तिथवर चुना फासल्यासारखे. त्यांच्यामधून निळे, पिवळे मासे फिरत होते. पांढऱ्यावर ते जास्तच उठून दिसत होते.

होडीत आल्यावर त्यांनी मुखवटा काढला. डोळे लाल झाले होते. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. असं असतं होय, म्हणाले. उमेळ्याला मोगऱ्याचे मळे असायचे, सकाळी कळ्या खुडायच्या आधी असंच पांढरं दिसायचं, तसं वाटलं. आमच्या खडपावरही असंच पांढरं असणार, गाळामुळे खाली दिसत नाही आणि वर आलेला दगडही राखाडी दिसला, एवढंच. नर्मदेला आणायला पाहिजे होतं.

माझी मैत्रीण माझ्याकडे बघत होती. तिने काही सांगू नये म्हणून मी मान हलवली. दुपारी जेवताना ते परत त्याच गोष्टी बोलले आणि मी भात चिवडत बसले. संध्याकाळी किनाऱ्यावर माडाच्या एका आडव्या खोडावर बसलो होतो, मी त्यांच्या डावीकडे. त्यांनीच विचारलं.

"तू खूश नाय दिसत. काय झालं?"

मग मी सांगितलं. प्रवाळ पांढरा नसतो. त्याच्या अंगात एक सूक्ष्म वनस्पती राहते, ती त्याला रंग देते आणि त्याचं बहुतेक अन्नही तीच बनवते. पाणी फार दिवस तापलं की प्रवाळ तिला बाहेर टाकतो. मग आतला पांढरा सांगाडा दिसायला लागतो. या वर्षी समुद्र महिनोन्‌महिने तापलेला आहे. आज आपण जे बघितलं ते आजारी आहे.

ते समुद्राकडेच बघत होते. ऐकू आलं नसेल असं वाटून मी पुन्हा सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

"म्हनजे मी मढी बघून आलो."

"मेलेले नाहीत अजून," मी म्हणाले. "उपाशी आहेत. पाऊस लवकर आला, पाणी निवलं, तर काही परत उभे राहतील. सगळे नाही."

"किती?"

"माहीत नाही, काका."

त्यांनी चपला काढून पाय वाळूत रोवले. माणूस बुडाल्यावर पहिल्या दिवशी चांगला दिसतो, झोपल्यासारखा, घरच्यांना वाटतं हलवलं तर उठेल, असं काहीसं ते म्हणाले.  त्या खाणींबद्दल ते माझ्याशी बोलले ते तेवढंच.

मला वाटलं, दुसऱ्या दिवशी ते येणार नाहीत. पण सकाळी सगळ्यांच्या आधी होडीत येऊन बसले होते. त्या दिवशी ते एकाच जागी तरंगत राहिले. खाली एक समुद्रफूल होतं, तेही पांढरं पडलेलं, आणि त्याच्या बोटांमध्ये दोन केशरी मासे. मासे बाहेर येत, परत आत शिरत. वर आल्यावर काकांनी एवढंच सांगितलं की माशांनी घर सोडलेलं नाही. राहिलेले दिवस त्यांनी होडीवरची कामं केली, दोर गुंडाळले, सगळ्यांना चहा करून दिला. परतीच्या जहाजावर मात्र ते बहुतेक झोपूनच होते.

घरी आल्यावर नर्मदाकाकींनी कसं होतं विचारलं, तर ते म्हणाले, साफ होतं पाणी.

पण कोंडीच्या खडपाला त्यांनी पुन्हा हात घातला, यावेळी वरून. पुढचा हिवाळा त्यांनी तांडेलांना भेटण्यात घालवला. खडपावर जाळं टाकू नका, बाजूने जा, असं सांगत एकेकाच्या ओट्यावर बसायचे. बरेचजण त्यांच्या पाण्यातल्या दिवसांचा मान ठेवून हो म्हणायचे आणि काहीजण पाठ वळली की हसायचे. मासळी सगळीकडेच कमी झाली होती. ज्याचं डिझेल जळतंय त्याला खडपाला वळसा घालायला सांगणं सोपं नव्हतं. मयूरने खडपाच्या दोन टोकांना खुणेची तरंगती पिंपं बांधून दिली. एक महिन्याभरात चोरीला गेलं. दुसरं टिकलं.

राहिलेलं अर्धं जाळं पंचवीसच्या पावसाळ्यात आपोआपच सुटलं. उधाणाने ते ओढून काढलं आणि राजोडीच्या किनाऱ्यावर आणून टाकलं. मला फोन आला, मी काकांना घेऊन गेले. वाळूत ओल्या जाळ्याचा ढीग पडला होता आणि त्यात उपटून आलेले पंखे. तांबडे, पिवळे, काही अजून ओले. फिरायला आलेली माणसं त्यांचे फोटो काढत होती. एक बाई घरात शोभेला ठेवायला एक फांदी मागत होती. हिरामणकाका खाली बसले आणि जाळं कापायला लागले. मीही बसले. यातलं काही वाचणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. तरी संध्याकाळपर्यंत आम्ही ते सोडवत होतो, कारण जाळं तसंच राहिलं असतं तर पुढच्या भरतीला परत पाण्यात गेलं असतं.

या जानेवारीत मयूरने डहाणूकडचा एक पाणबुड्या आणला. बोटीच्या पंख्याचं काम करणारा, हिरामणकाकांसारखाच, वयाने बराच लहान. भांगाच्या दिवशी त्याला खडपावर उतरवलं. हिरामणकाका बोटीवर होते, मीही होते. तो वर आल्यावर काकांनी त्याला आपल्या डावीकडे बसवलं आणि एकेक विचारून घेतलं. जिथून जाळं उधाणाने ओरबाडून नेलं, ती बाजू बोडकी आहे, तो म्हणाला. हाताला नुसता दगड लागतो. आणि जिथलं आम्ही कापून काढलं ती, काकांनी विचारलं.

तो थोडा घोटाळला.  मग त्याने बोटांनी हवेत करून दाखवलं. तिथे बारीक बारीक काहीतरी आहे, हाताला लागतं, दाबलं की आत जातं.

"मऊ का खरखरीत?"

"दोन्ही," तो म्हणाला. "आणि शेवंडीच्या मिशा लागल्या. दोन-तीन असतील."

हिरामणकाकांनी मान हलवली.  त्यांनी टॉवेल त्या माणसाच्या खांद्यावर टाकला, डोकं पूस, कानात पाणी ठेवू नको म्हणाले, आणि मयूरला बोट वळवायला सांगितली. परत येताना ते दोरांच्या ढिगाला टेकून झोपले. बंदर आलं तरी उठले नाहीत. उन्हात तोंड उघडं टाकून घोरत पडलेल्या त्यांना कोणी हलवलं नाही. कॉम्प्रेसर आणि नळी उतरवून होईपर्यंत आम्ही सगळे त्यांच्या बाजूने ये-जा करत राहिलो.